हात चालत नाहीत, मग दिवसभर करायचं काय?

संधिवाताचे पेशंट समुपदेशनाला येतात तेव्हा दुखण्याबद्दल कमी आणि रिकामपणाबद्दल जास्त बोलतात, हे मी इतक्या वर्षांत कायम बघत आलेय. गोळ्या चालू असतात, रक्ताचे रिपोर्ट झालेले असतात, घरचे काळजी घेत असतात, आणि तरी माणूस खचत चाललेला असतो, कारण डोकं पूर्वीसारखंच पळतंय आणि हात मात्र साधं बरणीचं झाकण उघडू देत नाहीत. लेकी-सुना फोन करून विचारतात की आईंना कशात तरी गुंतवायचंय, काही तरी सुचवा ना. म्हणून आज एक केस नीट सांगते. त्यांना विचारूनच लिहितेय, ओळख पटेल असे तपशील बदललेत, आणि आपण त्यांना नुसतं काकू म्हणू.

काकू साठीच्या, नाशिकच्या सिडकोत राहणाऱ्या. ऐन उमेदीची सगळी वर्षं त्यांनी घरी ब्लाउज शिवले. लग्नसराई जवळ आली की बायका आधीच कापड आणि मापाचा ब्लाउज टाकून जायच्या, मेन रोडवरून अस्तर आणायचं काम काका करायचे, आणि मुलाचं इंजिनिअरिंग बरंचसं त्या मशीनवर झालं. मग बोटांची पेरं सुजायला लागली. आधी दोन वर्षं तेल, काढा, शेक, कोणी सांगेल तो लेप, असं करत करत शेवटी रुमॅटॉलॉजिस्टकडे, म्हणजे संधिवाताच्या तज्ज्ञ डॉक्टरकडे गेल्या तेव्हा रुमॅटॉइड आर्थ्रायटिस निघाला आणि तोपर्यंत उजव्या हाताची बोटं करंगळीकडे वळायला लागली होती.

इथे एक गोष्ट सांगून टाकते कारण आपल्याकडे सगळ्यालाच संधिवात म्हणतात. वयानुसार सांध्यांची झीज होते तो वेगळा प्रकार, त्यात अंगठ्याचं बूड आणि बोटांची टोकाकडची पेरं जास्त धरतात. रुमॅटॉइड म्हणजे शरीराची स्वतःची प्रतिकारशक्तीच सांध्यांवर उलटते, बायकांमध्ये पुरुषांपेक्षा दोन-तीन पट जास्त आढळतो, सकाळी तासभर किंवा त्याहूनही जास्त वेळ हात आखडलेले राहतात, आणि त्याची औषधं लवकर सुरू झाली तर सांध्यांचं पुढचं नुकसान बरंच रोखता येतं. मेथोट्रेक्सेट ही त्यातली नेहमीची गोळी, ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं, आणि तिचा गुण यायला कित्येक आठवडे लागतात. "महिना झाला, काही फरक नाही" म्हणून मनानेच बंद करणारे खूप भेटतात. कृपा करून असं करू नका, डॉक्टरांशी बोला.

तर काकू आल्या तेव्हा औषधं नीट चालू होती, सूज बरीच उतरली होती, पण बारीक काम होत नव्हतं. सोबत सूनबाई. सूनबाईंनी सांगितलं की घरच्यांनी सगळं करून बघितलं. मुलाने मोठ्यांसाठीची रंगवायची पुस्तकं आणली, पण पेन्सिल चिमटीत घट्ट धरणं हेच तर अशा हातांना सगळ्यात जड जातं. मोबाईलवर गेम टाकून दिले तर अंगठा ठणकायला लागला. मुलीने गोष्टी ऐकायचं ॲप घेऊन दिलं, त्यात दुपारी डोळा लागायचा आणि मग रात्रभर जागरण. जपाची माळ घेतली तर मणी ओढताना बोट दुखायचं, त्यामुळे देवाचं नाव घेतानासुद्धा दुखणंच आठवतं म्हणून ती पण ठेवून दिली. शेवटी उरला टीव्ही. काकू इतका वेळ गप्प होत्या, मग एवढंच म्हणाल्या, "मॅडम, मला टाइमपास नकोय."

मला वाटतं बहुतेक घरांचं इथेच चुकतं. आपण विचारतो की या हातांनी अजून काय काय जमेल, आणि जे जमेल ते माणसाच्या पुढ्यात टाकतो. विचारायचं असतं ते हे की जे काम सुटलं त्यातून या माणसाला काय मिळत होतं. काम गेलं तरी ते मिळणं दुसऱ्या वाटेने येऊ शकतं, पण आधी ते काय होतं हे कळायला हवं ना.

म्हणून मी काकूंना मशीनबद्दल विचारलं नाही, मी विचारलं की तुम्हाला शिवणातलं सगळ्यात जास्त काय आवडायचं. त्या जरा वेळ थांबल्या आणि मग जे बोलायला लागल्या ते थांबेचनात. बाई दारातून आत आली की त्यांना न मोजता कळायचं की हिचा डावा खांदा उतरता आहे, हिला मुंढा, म्हणजे बाही जोडायचा गोल, अर्धा इंच सैल द्यावा लागणार, ही प्रिन्सेस कट मागतेय पण हिला कटोरीच बसेल. माप टेपने घ्यायचंच, पण ते नंतर, आधी नजर. दुसरं म्हणजे बायका ट्रायलला आल्या की चहा व्हायचा, कोणाच्या घरात काय चाललंय ते सगळं काकूंना माहीत. आणि संध्याकाळी सहा-सात ब्लाउज घडी घालून, पिशवीत भरून, नाव लिहून ठेवले की जे वाटायचं ते. आणि अर्थातच, स्वतःचे पैसे.

मी त्यांना म्हटलं, काकू, तुम्ही आत्ता जे सांगितलंत त्यात बोटांचं काम कितीसं आलं? नजर गेलेली नाही, बोलणं गेलेलं नाही. त्यावर त्या चिडल्याच. म्हणाल्या, "नजरेने ब्लाउज शिवला जात नाही." बरोबरच होतं त्यांचं आणि मी वाद घातला नाही.

पुढच्या भेटीत मी त्यांना रेन्वारची गोष्ट सांगितली. फ्रान्सचा मोठा चित्रकार, पन्नाशीच्या आसपास त्याला हाच आजार झाला, शेवटी शेवटी बोटं तळव्यात वळून गेली, ब्रश दुसऱ्या कोणीतरी हातात द्यावा लागायचा आणि तो रंगवत राहिला, १९१९ मध्ये जाईपर्यंत. काकूंना त्याचं विशेष काही वाटलं नाही, मोठ्या माणसाला ब्रश हातात द्यायला माणसं असतात म्हणाल्या. पण मला सांगायचा होता तो पुढचा भाग. १९१३ पासून काही वर्षं रेन्वारने शिल्पं केली, आणि ती केली रिशार गिनो नावाच्या तरुण शिल्पकाराच्या हातांनी. रेन्वार बसून सांगायचा, इथे कमी कर, तिथे भर, आणि गिनो मातीत उतरवायचा. हे ऐकल्यावर मात्र काकू सरळ बसल्या. पहिला प्रश्न काय विचारला असेल, "मग नाव कोणाचं लागलं?" नाव रेन्वारचंच लागलं, पण बऱ्याच वर्षांनी गिनो कोर्टात गेला आणि १९७३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तोही निर्मितीत बरोबरीचा वाटेकरी आहे यावर शिक्कामोर्तब केलं. काकू म्हणाल्या, बरं झालं.

दरम्यान मी त्यांना ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे पाठवलं होतं. हे थेरपिस्ट रोजची कामं सांध्यांवर ताण न देता कशी करायची ते शिकवतात. फिजिओथेरपिस्ट सगळ्यांना माहीत असतात, हे मात्र फार कमी जणांना माहीत असतात, आणि हातांसाठी तर यांच्याकडे जायलाच हवं. त्यांनी रात्री घालायचं स्प्लिंट, म्हणजे हाताला आधार देणारी पट्टी दिली, चमचा, कंगवा, सुरी यांच्या मुठी स्पंज गुंडाळून जाड करून दिल्या, पिशवी बोटांत न लटकवता कोपरापुढच्या हातावर घ्यायला शिकवलं. सकाळी कोमट पाण्याच्या घमेल्यात हात हलवायचे, आणि सांधा गरम, लाल, सुजलेला असेल त्या दिवशी शेक नाही, थंड पट्टी. हात अजिबात न वापरणं पण वाईट, त्याने स्नायू आणखी ढिले पडतात. इंग्लंडमध्ये रुमॅटॉइडच्या ४९० रुग्णांचा अभ्यास झाला, २०१५ मध्ये द लॅन्सेटमध्ये आला, त्यात औषधांच्या जोडीने हातांचे ताणाचे आणि ताकदीचे ठरावीक व्यायाम करणाऱ्यांचे हात वर्षभरानंतर जास्त चांगले चालत होते. पण हे व्यायाम बघून-शिकूनच करायचे, मनाने नाही. आणि एक नियम थेरपिस्ट सांगतात तो मला फार उपयोगी वाटतो, काम केल्यानंतर वाढलेलं दुखणं दोन तासांनंतरही तसंच राहिलं तर तेवढं काम आपल्याला जास्त झालं, पुढच्या वेळी कमी करायचं.

हे सगळं चालू असताना एक दिवस सूनबाई बाहेर थांबल्या होत्या तेव्हा काकूंनी हळूच सांगितलं की त्या घरात दिवसभर गाऊनच का घालतात. स्वतःच्या ब्लाउजचे हूक त्यांना लावता येत नाहीत. अर्ध्या सिडकोचे ब्लाउज शिवले आणि स्वतःचा घालायला सुनेला हाक मारायची, त्यापेक्षा साडीच नको. म्हणून लग्नाला जाणं बंद, हळदीकुंकू बंद, बाहेर पडणंच बंद. मी विचारलं, काकू, दुसऱ्या कोणी बाईने हीच अडचण घेऊन तुमच्याकडे ब्लाउज टाकला असता तर तुम्ही काय केलं असतं? क्षणभर पण विचार न करता म्हणाल्या, पुढच्या पट्टीला आतून वेलक्रो, वरून नुसते दिसायला हूक, आणि बाही जरा सैल, हात घालताना मनगट वळवावं लागू नये म्हणून.

शिवायचा कोणी? शेजारच्या गल्लीत एक मुलगी होती, शिवणाचा कोर्स केलेली, मशीन छान चालवायची पण फिटिंगला मार खायची, गिऱ्हाईक परत यायचं नाही. काकूंनी तिला बोलावलं. कापड टेबलावर, काकू खुर्चीत, आणि काकू बोलणार, मुलगी खडूने आखणार. पहिल्या दिवशी दोघी वैतागल्या. काकूंना सांगता येईना, कारण इतकी वर्षं हात आपोआप चालायचा, "इथून असं घे" म्हणजे किती आणि कुठून हे शब्दात कधी सांगावंच लागलं नव्हतं. मुलीला वाटे की या बोलतात फार. मुंढ्याचा गोल तिने तीनदा पुसला. शेवटी काकूंनी पूर्ण तळहाताने, बोटं न वाकवता, कापडावरून वळण फिरवून दाखवलं आणि मुलीने त्यांच्या हाताच्या कडेने खडू ओढला. तो ब्लाउज बसला. घालून आल्या होत्या मला दाखवायला, अंजिरी रंगाचा, आणि मुद्दाम पदर बाजूला करून वेलक्रो उघडून लावून दाखवला.

मग सगळं छान झालं असं नाही. मुलाला हे आवडलं नाही, "आई, तू आता आराम कर, कशाला दगदग." मी मुलाला बोलावून घेतलं. तो मनापासून बोलत होता, पण आईला त्यात ऐकू येत होतं की तुझी आता गरज नाही, आणि हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. पैशांवरून पण झालं. मुलगी म्हणायची शिवते मी, काकू म्हणायच्या गिऱ्हाईक माझं आणि अक्कल माझी. मी त्यांना एवढंच विचारलं की गिनोचं ऐकून तुम्ही बरं झालं म्हणाला होतात ना. त्यांनी काही उत्तर दिलं नाही, पण आता शिलाई निम्मी निम्मी आहे, हूक, काज, तुरपाई मुलीची आणि माप, कटिंग सांगणं, ट्रायल काकूंची. दवाखान्यात ओळख झालेल्या एक-दोघी वेलक्रोचा ब्लाउज शिवायला येऊन गेल्या. काम सकाळी अकरानंतरच, कारण त्याआधी हात सुटत नाहीत आणि मन पण लागत नाही. सकाळी त्या रेडिओ लावून पाण्यात हात घालून बसतात, हा वेळ आता त्यांना फुकट गेल्यासारखा वाटत नाही.

तुमच्याकडे ब्लाउज शिवणारं कोणी नसेल, पण प्रश्न हाच विचारून बघा. माझ्याकडे एक निवृत्त मास्तर यायचे, त्यांना लिहिता येत नव्हतं म्हणून ते बेचैन. त्यांना लिहिण्यातून मिळायचं ते विचार जागेवर बसणं, ते त्यांना मोबाईलच्या मराठी व्हॉइस टायपिंगने मिळालं, जोडाक्षरं चुकली तर नातू दुरुस्त करतो. दुसऱ्या एक आजी लोणची-पापड करायच्या, त्यांना करण्यापेक्षा चार बायकांचा घोळका हवा होता, त्यांच्यासाठी भजनी मंडळ कामाला आलं, टाळ नाही वाजवला तरी गाता येतं. कोणाला वाचनाचं वेड असेल आणि पुस्तक धरवत नसेल तर पुस्तकाचा स्टँड घ्या, आणि मे महिन्यात गोदाघाटावर वसंत व्याख्यानमाला असते तिथे घेऊन जा, ऐकायला हात लागत नाहीत. बसने जाणार असाल तर गर्दीची वेळ टाळा, उभं राहून दांडा धरणं या लोकांना फार त्रासाचं होतं.

आणि ज्या आठवड्यात आजार उसळी खातो तेव्हा यातलं काहीही करायचं नाही. काकूंचे तसे दिवस अजून येतात. तेव्हा मुलगी येत नाही, ट्रायल पुढे जाते, गिऱ्हाइकाला सरळ सांगायचं की तब्येत बरी नाही, चार दिवसांनी या. सूज उतरत नसेल तर डॉक्टरांना फोन. पण दुखणं कमी झालं तरी मन वर येत नसेल, झोप-भूक गेली असेल, जगून काय करायचं असं तोंडून यायला लागलं असेल तर ते वयामुळे किंवा स्वभावामुळे आहे असं समजू नका, या आजारात डिप्रेशन बऱ्याच जणांना येतं आणि त्यावर उपचार आहेत. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, चोवीस तास चालू असतो, मराठीतून बोलता येतं. नंबर तुम्हीच लावून द्या, बटणं दाबायला त्यांना त्रास होतो.