पीडीएफलाटेक, झीलाटेक, लुआलाटेक: तिन्हींवर चालेल असं एकच फॉन्ट-पॅकेज आहे का?

पीडीएफलाटेक, झीलाटेक आणि लुआलाटेक ही लाटेक या मजकूर जुळवणाऱ्या प्रणालीची तीन इंजिनं, म्हणजे फाईलची पीडीएफ बनवणारे प्रोग्रॅम. तुमची अडचण मला कळली ती अशी. विद्यापीठाचा प्रबंधाचा साचा पीडीएफलाटेकसाठी बनवलेला आहे आणि त्यात 'टाइम्स' हे फॉन्ट-पॅकेज आहे. मराठी सारांश घालायचा म्हणून तुम्ही झीलाटेक लावलं, तर इंग्रजीचा टाइम्स गायब झाला. तीच फाईल मित्राने लुआलाटेकवर चालवली तर वेलांट्या भलतीकडे पडल्या. म्हणून तिन्ही इंजिनांवर सारखं चालणारं एखादं पॅकेज तुम्हाला हवंय.

असं पॅकेज शोधण्यात वेळ घालवू नका. मजकुरात मराठी आहे, तर आधी इंजिन ठरवा आणि त्या इंजिनाला मानवेल तो फॉन्ट लावा. मी रोज मराठी-इंग्रजी मिश्र मजकूर जुळवतो आणि माझं स्पष्ट मत लुआलाटेकच्या बाजूने आहे. कारणं पुढे येतीलच.

(आज्ञांची आणि फाईलींची नावं इथे देवनागरीत लिहितोय, तुमच्या फाईलमध्ये ती अर्थातच रोमन लिपीत टाका.)

पीडीएफलाटेकच्या मुळाशी असलेल्या पीडीएफटेकला एका फॉन्टमध्ये २५६ पेक्षा जास्त अक्षराकृती दिसत नाहीत. 'टाइम्स', 'टीजीटर्मेस' यांसारखी पॅकेजं त्याच चौकटीसाठी लिहिलेली आहेत. इंग्रजीला तेवढं पुरतं. उलट आयआयटी मुंबईच्या 'शोभिका' फॉन्टमध्ये एकट्या देवनागरीच्या १६०० हून अधिक आकृती आहेत. शिवाय नुसत्या आकृती असून भागत नाही, कुठली आकृती कुठे बसवायची हेही कुणीतरी ठरवावं लागतं. 'स्थिती' हा शब्द घ्या. फाईलमध्ये पहिली वेलांटी 'थ'च्या नंतर टाइप झालेली असते, पण कागदावर ती 'स्थ' या अख्ख्या जोडाक्षराच्या आधी यायला हवी. हे काम ओपनटाइप फॉन्टमधले नियम वाचणारं इंजिनच करू शकतं, म्हणजे झीटेक किंवा लुआटेक (झीलाटेक आणि लुआलाटेकच्या मुळाशी हीच असतात). पीडीएफटेकवर देवनागरी अगदीच अशक्य नाही. फ्रान्स व्हेल्थुइस यांची जुनी पद्धत आहे, त्यात मजकूर रोमन अक्षरांत लिहून आधी एका वेगळ्या प्रोग्रॅममधून काढावा लागतो. आज नव्याने प्रबंध लिहिणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये.

आता तुमचा टाइम्स कुठे गेला ते पाहू. नव्या दोन्ही इंजिनांवर लाटेक 'टीयू' हे युनिकोडवर आधारलेलं एन्कोडिंग (अक्षरांना क्रमांक देण्याची पद्धत) वापरतं. 'टाइम्स' पॅकेज ज्या फॉन्टचं नाव पुढे करतं, तो टीयूमध्ये नाहीच. मग लाटेक लॉगमध्ये (कामाच्या नोंदींच्या फाईलमध्ये) एक इशारा लिहून ठेवतं आणि लॅटिन मॉडर्न या आपल्या नेहमीच्या फॉन्टवर उतरतं. त्यावर उपाय म्हणून 'फॉन्टएन्क' पॅकेज टी१ (जुनं, २५६ अक्षरांचं एन्कोडिंग) या पर्यायासह लावा असा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईलच. तो मानू नका. टाइम्स परत येतो खरा, é सारखी अक्षरंही ठीक दिसतात, त्यामुळे सगळं जमलं असं वाटतं. पण वळणदार अवतरणचिन्हं गळतात आणि त्या फॉन्टमध्ये लिहिलेली देवनागरी तर पूर्ण नाहीशी होते. लॉगमध्ये फक्त 'मिसिंग कॅरॅक्टर' अशा ओळी राहतात. म्हणून फाईलच्या सुरुवातीलाच 'ट्रेसिंगलॉस्टकॅर्स'ची किंमत ३ करून ठेवा. टेक लाइव्ह या लाटेकच्या संचाच्या २०२१ च्या आवृत्तीपासून तेवढ्याने गळलेलं प्रत्येक अक्षर थेट एरर म्हणून समोर येतं. दोनशे पानांच्या प्रबंधात याची फार मदत होते.

साच्यातलं 'टाइम्स', 'इनपुटएन्क' आणि 'फॉन्टएन्क' काढा. नव्या इंजिनांवर फॉन्ट निवडणारं 'फॉन्टस्पेक' पॅकेज घ्या आणि इंग्रजीसाठी 'टेक गायर टर्मेस' लावा. हा टाइम्सच्याच वळणाचा फॉन्ट आहे, टेक लाइव्हमध्ये ओटीएफ रूपात येतो आणि पीडीएफलाटेकसाठी त्याचंच जुन्या पद्धतीचं रूप 'टीजीटर्मेस' पॅकेजात मिळतं. दोन्हीकडे एकच चेहरा हवा असेल तर यापेक्षा सोयीची जोडी मला माहीत नाही. गणित असेल तर 'युनिकोड-मॅथ' आणि 'टेक गायर टर्मेस मॅथ' घ्या, फक्त 'एएमएसमॅथ' त्याच्या आधी लोड करा.

मराठीसाठी शोभिका. राज्य मराठी विकास संस्थेच्या 'यशोमुद्रा'वरून तिची देवनागरी घडवली आहे आणि प्रबंधाच्या मजकुराला ती शोभून दिसते. फॉन्ट लावताना तीन पर्याय विसरू नका: स्क्रिप्ट देवनागरी, लँग्वेज मराठी, आणि लुआलाटेक असेल तर रेंडरर हार्फबझ (अक्षराकृती जुळवणारा एक प्रोग्रॅम). मित्राकडे वेलांट्या सरकल्या त्या बहुधा पहिला किंवा तिसरा पर्याय राहिल्यामुळे. लुआलाटेकची स्वतःची जुळणी साधे शब्द निभावून नेते, पण अवघड जोडाक्षरांवर घसरते. २०२० च्या टेक लाइव्हपासून लुआलाटेकमध्ये हार्फबझ आत बसवलेलंच आहे, ते फक्त मागावं लागतं. 'लँग्वेज मराठी'मुळे, फॉन्टमध्ये सोय असेल तर, हिंदी वळणाऐवजी पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श मिळतो.

फॉन्ट नावाने न बोलावता फाईलच्या नावाने बोलावा, 'शोभिका-रेग्युलर.ओटीएफ' असं. नावाने शोधताना झीटेक संगणकाच्या फॉन्टयादीवर अवलंबून राहतं आणि लुआटेक स्वतःची वेगळी यादी ठेवतं. त्यामुळे एकाला सापडलेला फॉन्ट दुसऱ्याला सापडेलच असं नाही. त्याहून चांगलं म्हणजे फॉन्ट प्रबंधाच्याच फोल्डरमध्ये ठेवा आणि 'पाथ' पर्यायात तो फोल्डर सांगा. गाईडच्या संगणकावरही मग तीच पानं निघतील.

एक गोष्ट मात्र कुठलंही इंजिन दुरुस्त करू शकत नाही. 'दऱ्या' आणि 'दर्या' यांतला फरक मजकुरातच टाइप झालेला असावा लागतो. काही कीबोर्ड 'दऱ्या' लिहिताना मध्ये एक न दिसणारा जोडक घालतात. कॉपी-पेस्टमध्ये तो गळला की डोंगरदऱ्यांचा समुद्र होतो. नुक्ता असलेला 'ऱ' वापरून लिहिलंत तर हा धोका राहत नाही.

झीलाटेक चालणार नाही असं नाही, स्क्रिप्टचा पर्याय दिला की तेही देवनागरी उत्तम जुळवतं आणि बऱ्याचदा जास्त वेगाने. पण 'मायक्रोटाइप' पॅकेजमधली अक्षरं किंचित ताणण्याची सोय त्यावर मिळत नाही, ती पीडीएफलाटेक आणि लुआलाटेकवरच आहे. लुआलाटेकवर 'बेबेल' या भाषांच्या पॅकेजच्या 'ऑनचार' पर्यायाने देवनागरी अक्षर आलं की फॉन्ट आपोआप बदलतो, इंग्रजी वाक्यातला प्रत्येक मराठी शब्द आज्ञेत गुंडाळत बसावा लागत नाही.

विभागाने पीडीएफलाटेकचाच हट्ट धरला तर मराठी सारांश वेगळ्या फाईलमध्ये लुआलाटेकवर बनवा आणि त्याची पीडीएफ 'पीडीएफपेजेस' पॅकेजने मूळ प्रबंधात जोडा. दोन्ही इंजिनांवर चालणारी एकच फाईल हवी असेल तर 'इफटेक' पॅकेजची 'इफटीयूटेक' ही अट वापरा. अट खरी ठरली तर फॉन्टस्पेकचा भाग, नाहीतर टी१ आणि टीजीटर्मेस. फॉन्टविषयीची प्रत्येक ओळ या एकाच जागी ठेवा. ओळींची मोडणी मात्र दोन्हीकडे तंतोतंत सारखी येणार नाही, म्हणून पानांचे संदर्भ हाताने लिहू नका.

जमा करण्याआधी पीडीएफमधला एक मराठी परिच्छेद कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवून बघा. हार्फबझ लावलेलं लुआलाटेक मूळ मजकूर पीडीएफमध्ये सोबत ठेवतं, त्यामुळे शब्द शोधता येतात. झीलाटेकवर त्यासाठी 'झीटेकजनरेटॲक्च्युअलटेक्स्ट'ची किंमत १ करावी लागते. तरीही अक्षरं विस्कटलेली आली तर फॉन्ट लावलेल्या ओळी आणि लॉगमधला तेवढा भाग इथे टाका, मी बघतो.