रसायनशास्त्र टाळून जीवशास्त्र शिकता येईल का?

स. न. वि. वि.

तुमची मुलगी यंदा बारावीला आहे, तिला जीवशास्त्र मनापासून आवडते, पण रसायनशास्त्राची तिने धास्ती घेतली आहे. म्हणून बीएस्सीला बायोकेमिस्ट्रीऐवजी बायोटेक्नॉलॉजी घेतल्यास रसायनशास्त्रापासून सुटका होईल का, असे तुम्ही नंदुरबारहून विचारले आहे.

तशी सुटका होणार नाही. दोन्ही अभ्यासक्रमांची सुरुवात प्रथिने, कर्बोदके, मेदपदार्थ आणि न्यूक्लिइक आम्ले यांच्या रसायनानेच होते. मात्र हे रसायन तिला वाटते तितके परके नाही, हे तिला दाखवून द्यायला हवे, आणि त्यासाठी तुमच्याच भागातले उदाहरण पुरेसे आहे.

सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार तुमच्या जिल्ह्यात कोणाला नवा नाही. हिमोग्लोबिन हे तांबड्या पेशींतले ऑक्सिजन वाहणारे प्रथिन. त्याच्या बीटा साखळीत १४६ अमिनो आम्ले, म्हणजे प्रथिनाचे घटक रेणू, असतात आणि या आजारात त्यांपैकी फक्त सहाव्या जागचे बदललेले असते. तेथे ऋण प्रभार असलेले, पाण्याशी जुळवून घेणारे ग्लुटामिक आम्ल असायला हवे. त्याऐवजी पाण्यापासून दूर राहू पाहणारे व्हॅलिन येते. त्यामुळे ऑक्सिजन सोडून दिलेले हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटतात, त्यांचे लांब तंतू बनतात आणि तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते. विजेच्या साहाय्याने रेणू वेगळे करणाऱ्या प्रयोगशाळेतील इलेक्ट्रोफोरेसिस चाचणीतही हेच रसायन उपयोगी पडते: ऋण प्रभार कमी झाल्यामुळे हे हिमोग्लोबिन धन टोकाकडे नेहमीच्या हिमोग्लोबिनपेक्षा हळू सरकते आणि त्याचा पट्टा वेगळा दिसतो. अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ लायनस पाउलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये याच तंत्राने हा आजार रेणूच्या पातळीवरचा असल्याचे दाखवले.

आता मुलीला एवढेच विचारा, की हे वाचताना तिला पुढचे जाणून घ्यावेसे वाटले का. अकरावीच्या जीवशास्त्रात आणि बारावीच्या रसायनशास्त्रात बायोमॉलिक्युल्सचे, म्हणजे जैवरेणूंचे, प्रकरण आहे. ती दोन्ही प्रकरणे तिने शेजारी ठेवून वाचावीत आणि वीसही अमिनो आम्लांच्या रचना स्वतःच्या हाताने काढून त्यांची पाण्याशी जमणारी आणि न जमणारी अशी विभागणी करावी. स्टार्च आणि सेल्युलोज दोन्ही ग्लुकोजचेच बनलेले असताना भाकरीतले स्टार्च आपल्याला पचते आणि गवतातले सेल्युलोज का पचत नाही, याचे उत्तर तिने साखळीतील बंधाची दिशा पाहून शोधावे. माझ्या अनुभवात रसायनशास्त्राची भीती बहुतेकदा कारण न समजता पाठ केलेल्या अभिक्रियांतून आलेली असते, आणि अशा मुलांना कारण दिसू लागले की विषय आवडू लागतो. प्रयत्न करूनही तिला कंटाळाच आला, तर प्राणिशास्त्र, वनस्पतिशास्त्र किंवा परिसंस्थांचा अभ्यास तिला अधिक मानवेल, आणि ती निवड कमी प्रतीची मुळीच नाही.

गणित सोडले असले तरी लॉगॅरिदम सोडू नका, कारण आम्लता मोजणारा पीएच ही लॉगॅरिदमची मोजपट्टी आहे. रक्ताचा पीएच साधारण ७.४ असतो, तो ७.१ वर आला तर आकड्यातला फरक किरकोळ दिसतो, पण हायड्रोजन आयनांचे प्रमाण दुप्पट झालेले असते आणि रुग्णाची अवस्था गंभीर असते.

नोकरीविषयी स्पष्टच लिहितो. नुसत्या बीएस्सीवर औषध किंवा अन्न कंपन्यांच्या गुणवत्ता तपासणी विभागात सुरुवातीची कामे मिळतात. संशोधनाकडे जायचे असेल तर एमएस्सी धरूनच चालावे. त्यासाठी जॅमची बायोटेक्नॉलॉजीची परीक्षा आणि गॅट-बी या राष्ट्रीय पातळीवरच्या प्रवेश परीक्षा आहेत, आणि त्यांची तयारी पदवीच्या दुसऱ्या वर्षापासून करावी. पुण्याच्या आयसर या केंद्रीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेमध्ये बारावीनंतर थेट प्रवेश घेता येतो, पण त्या प्रवेश परीक्षेत गणिताचेही प्रश्न असतात, हे लक्षात घ्या.

महाविद्यालय निवडताना माहितीपत्रकावर भिस्त ठेवू नका. तिला घेऊन प्रत्यक्ष जा आणि तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना भेटून विचारा, की इलेक्ट्रोफोरेसिस आणि द्रावणात किती प्रकाश शोषला जातो ते मोजणारा स्पेक्ट्रोफोटोमीटर त्यांनी स्वतः हाताळले आहेत, की शिक्षकांनी करून दाखवलेले फक्त पाहिले आहे.

आपला,
करिअर मार्गदर्शक