ॲम्बॅसॅडरची सकाळची टक-टक आणि एक्झॉस्टची गळती

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. आजोबांची १९८३ ची मार्क ४ पेट्रोल ॲम्बॅसॅडर. थंड इंजिन चालू केलं की बॉनेटखालून टक-टक येते आणि गाडी तापली की आवाज बसतो. एका मिस्त्रीने दोनदा टॅपेट (इंजिनचे व्हॉल्व्ह उघडणारे भाग) सेट केले, तरी फरक नाही. दुसरा म्हणतो, पुढून मागेपर्यंत सगळा सायलेन्सर बदला. आणि शेवटी जाता जाता तुम्ही लिहिलंय की रामटेकला जाताना मागे बसलेल्या आईचं डोकं दुखू लागलं आणि खाली उतरल्यावर बरं वाटलं.

मी त्या शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो, कारण तुमच्या प्रश्नात सर्वांत गंभीर तेच आहे. एक्झॉस्टमधल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वासही नाही. आपल्याला जो वास येतो तो अर्धवट जळलेल्या पेट्रोलचा. म्हणजे वास कमी झाला म्हणून हवा शुद्ध झाली असं नाही. डोकं जड होणं, मळमळणं, झोप येणं आणि मोकळ्या हवेत बरं वाटणं ही त्याची ठळक लक्षणं. तेव्हा गळती सापडून बंद होईपर्यंत या गाडीत कुणालाही बसवू नका. गॅरेजपर्यंत न्यायचीच असेल तर एकट्याने, सगळ्या काचा खाली करून न्या. आईंना पुन्हा तसा त्रास झाला तर थेट डॉक्टरांना दाखवा. आणि बंद शेडमध्ये इंजिन चालू करून तपासणी करू नका, गाडी अंगणात काढा.

आता आवाज. इंजिन थंड असताना येणारा आणि तापल्यावर जाणारा आवाज ऐकला की माझा पहिला संशय एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या (सिलिंडरांचा धूर गोळा करणाऱ्या, इंजिनला लागलेल्या ओतीव नळ्यांच्या) गॅस्केटवर, म्हणजे जोडातल्या पॅकिंगवर, किंवा मॅनिफोल्डच्या तड्यावर जातो. मॅनिफोल्डचं बीड (ओतीव लोखंड) तापलं की फुगतं आणि फट मिटते. टॅपेटचा आवाज असा पाच-सात मिनिटांत नाहीसा होत नाही. पण दोन्हींची लय कानाला सारखीच लागते. टॅपेट आणि एका सिलिंडरचा एक्झॉस्ट, दोन्ही क्रँकच्या (इंजिनच्या मुख्य दांड्याच्या) दोन फेऱ्यांत एकदाच वाजतात. म्हणून चांगले मिस्त्रीसुद्धा नुसतं ऐकून फसतात.

फरक करायची खात्रीची पद्धत प्लगच्या वायरची. रात्रभर उभी असलेली गाडी घ्या, डिसेंबर-जानेवारीची सकाळ असेल तर उत्तमच. इंजिन बंद असताना एक नंबरच्या प्लगची वायर काढा, तिचं टोक ब्लॉकला (इंजिनच्या धातूच्या अंगाला) टेकवून ठेवा आणि इंजिन चालू करून थोडा वेळ ऐका. मग बंद करा, वायर परत लावा आणि पुढच्या नंबरला जा. ज्या सिलिंडरचा स्फोटच थांबला, त्याच्या एक्झॉस्टमधून फुटणारा आवाज मरतो. टॅपेटचा आवाज मात्र तसाच राहतो. चालू इंजिनवर उघड्या हाताने वायर ओढू नका, झटका जबरदस्त बसतो.

तुमच्या १४८९ सीसीच्या इंजिनात ही परीक्षा आणखी काही सांगते. हे बीएमसी या ब्रिटिश कंपनीचं बी-सिरीज इंजिन. त्याच्या हेडला (सिलिंडरांवरच्या झाकणाला) एक्झॉस्टची तोंडं तीनच: एक आणि चार नंबरला स्वतंत्र, दोन आणि तीनला मिळून मधलं एक. एक नंबरची वायर काढल्यावर आवाज पूर्ण गेला तर रेडिएटरकडचं तोंड. दोनची काढल्यावर अर्धा गेला आणि तीनची काढल्यावरही अर्धाच गेला, तर मधलं. पाना हातात घ्यायच्या आधीच जागा कळते.

मग तिथे टॉर्च मारून बघा. पेट्रोल गाडीत गळतीच्या जागी कोरडी काळी काजळी पंख्यासारखी पसरलेली दिसते, कधी कडेला राखाडी-पांढरा पट्टा असतो. तेलाचा डाग ओला आणि चिकट असतो, त्यात गल्लत करू नका. काजळी दिसली नाही तर थंड इंजिनवरच, इंजिन बंद ठेवून, मागच्या नळीतून ब्लोअरची हवा सोडा. नळीभोवती जुनं फडकं घट्ट गुंडाळा आणि पुढून मागेपर्यंत प्रत्येक जोडावर भांड्याच्या साबणाचं पाणी ब्रशने लावा. जिथे बुडबुडे, तिथे गळती. सायलेन्सरला खाली एखादं बारीक भोक असेल तर ते पाणी निथळण्यासाठी कंपनीनेच ठेवलेलं असू शकतं. ते वेल्डिंगने बुजवायला सांगू नका.

नागपुरात कामठी रोडवरच्या एका गॅरेजमध्ये अशीच एक ॲम्बॅसॅडर पाहिली होती. नवं गॅस्केट टाकलेलं, नट कचकचून आवळलेले, तरी टक-टक चालूच. या इंजिनात इनटेक (हवा-पेट्रोल आत नेणारा) आणि एक्झॉस्ट असे दोन्ही मॅनिफोल्ड एकाच बाजूला, एकाच गॅस्केटवर बसतात आणि काही स्टडवर (हेडमध्ये बसवलेल्या आट्यांच्या दांड्यांवर) दोघांचे कान, म्हणजे कडेच्या पट्ट्या, एकाच जाड वॉशरखाली दाबले जातात. तिथला एक वॉशर काढून पाहिला. अर्धा भाग घासून चकचकीत, अर्ध्यावर काजळीचा थर. इनटेकचा कान एक्झॉस्टपेक्षा किंचित जाड होता, म्हणून वॉशर तिरका बसायचा आणि सगळा दाब इनटेकवर जायचा. नट कितीही आवळला तरी एक्झॉस्ट सैलच राहणार. तुमच्या गाडीत कधी दुसऱ्या गाडीचा मॅनिफोल्ड बसवला असेल तर हे आधी तपासा.

याच कारणाने तुमचं आयडलिंग (गाडी उभी असतानाचा इंजिनचा संथ वेग) खालीवर होतंय का, तेही बघा. गॅस्केट सामाईक असल्याने एकीकडून धूर बाहेर आणि दुसरीकडून हवा आत, असं दोन्ही एकदम होऊ शकतं. ही आत जाणारी हवा शोधायला काही जण गरम मॅनिफोल्डवर कार्ब क्लीनर (कार्ब्युरेटर साफ करायचा स्प्रे) फवारतात. तो पेट घेतो. साध्या पाण्याचा बारीक फवारा पुरतो.

दुरुस्तीत घाई फक्त स्टडवर महाग पडते. गंजलेल्या स्टडला आदल्या संध्याकाळपासून दोन-तीनदा गंज सोडवणारं तेल पाजा. सकाळी थोडं सैल, थोडं परत आवळत, असं करत नट सोडवा. गॅसचा दिवा लावायची वेळ आलीच तर आधी कार्ब्युरेटर आणि पेट्रोलची नळी पूर्ण काढून लांब ठेवा. जुन्या गॅस्केटमध्ये ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता धरून चाला: ओलं करून खरवडा, घासकागद किंवा हवेचा पाइप मारू नका.

मॅनिफोल्ड उतरल्यावर त्याच्या तोंडांवर स्टीलची सरळ पट्टी ठेवून फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पाती) घाला. ०.२ मिमीची पात आरामात सरकत असेल तर नवं गॅस्केट टाकणं म्हणजे पैसे वाया. हेड फेसिंग करणाऱ्याकडे इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्ही एकदम द्या, हिंगणा एमआयडीसीत असं काम करणारे मिळतील. त्याला स्पष्ट सांगा, दोन्हींची तोंडं एका पातळीत आणि कानांची जाडी सारखी हवी. बीडाला तडा असेल तर मी शक्यतो चांगला जुना मॅनिफोल्ड शोधतो. वेल्डिंग करायचंच तर निकेल रॉडने, आधी पूर्ण तापवून आणि नंतर कोरड्या वाळूत किंवा राखेत हळूहळू थंड होऊ देऊन. साध्या रॉडने मारलेला टाका शेजारीच नवा तडा पाडतो.

बसवताना सिलिकॉन लावू नका, एक्झॉस्टच्या उष्णतेत ते टिकत नाही. मधून सुरुवात करून दोन्ही बाजूंना, दोन-तीन टप्प्यांत आवळा. डाउनपाइपच्या (मॅनिफोल्डमधून खाली जाणाऱ्या नळीच्या) फ्लँजला, म्हणजे जोडाच्या चकतीला, पितळी नट घ्या, ते स्टडला जाम होत नाहीत आणि पुढच्या वेळी सहज सुटतात. गाडी एकदा पूर्ण तापवून, पूर्ण थंड झाल्यावर सगळे नट पुन्हा एकदा आवळा. हे दुसरं आवळणं बहुतेक गॅरेजमध्ये राहूनच जातं, कारण तोवर गिऱ्हाईक गाडी घेऊन गेलेलं असतं.

डाउनपाइपच तुटलेला निघाला तर इंजिनचे माउंटिंग रबर (इंजिन ज्यावर टेकतं ते) बघितल्याशिवाय नवा लावू नका. रबर दबून गेलेलं असेल तर ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन झुलतं आणि नळी त्याच जागी परत तुटते.

सायलेन्सर बदलायचा सल्ला सरसकट चूक म्हणणार नाही. धरमपेठेतून बर्डीवर जाऊन परत, एवढंच चालणाऱ्या गाडीचा सायलेन्सर आतून कधी वाळतच नाही. जळालेल्या पेट्रोलच्या वाफेचं पाणी त्यात साचतं आणि पत्रा आतून सडतो. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकून बघा. खणखणीत वाजला तर राहू द्या. भद्द वाजला किंवा आत गंजाचे तुकडे खडखडले तर बदला, सडक्या पत्र्यावर टाका धरत नाही. पण सकाळची टक-टक सायलेन्सरची नाही, आणि तो बदलून ती जाणार नाही.

आईंचा त्रास मागच्या सीटवर झाला, म्हणून डिकीकडची बाजूही सोडू नका. मागच्या नळीचं टोक बंपरच्या बाहेर आहे ना, डिकीचं रबर सगळीकडे दबतंय ना, हे बघा. रबर तपासायला कागदाची पट्टी मध्ये धरून डिकी बंद करा आणि ओढा, सहज निघाली तर तिथून हवा आत येते. पुढच्या बाजूला फायरवॉलमधली (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातली) वायरींची भोकं, स्टिअरिंगचा दांडा जातो ती जागा आणि पॅडलखालचा पत्रा बघून घ्या. आधी गळती बंद करा, मग ही भोकं बुजवा. सगळं झाल्यावर पुन्हा रात्रभर गाडी उभी ठेवून सकाळी थंड इंजिनवर ऐका. तरीही टक-टक असेल तर कोणत्या नंबरची वायर काढल्यावर काय फरक पडला ते लिहा आणि उतरवलेल्या गॅस्केटचा दोन्ही बाजूंनी फोटो टाका. कुठल्या तोंडाशी ते जळालंय त्यावरून पुढचं सांगता येईल.