वाचक विचारतात : किल्ली देणारा वेगळा, दंड करणारा वेगळा

यावेळी आलेल्या पत्रांत एकाच विषयाची गर्दी आहे, परदेशात फिरायला गेल्यावर भाड्याची गाडी स्वतः चालवायची तर कायद्याने काय काय लागतं. सारखे प्रश्न एकत्र केलेत. काही उत्तरं लांबलीयत, काही दोन ओळींत संपलीयत, जसा प्रश्न तसं उत्तर.

ताई, जपानला चाललोय. रेंटलच्या साइटवर लायसन्स नंबर टाकला, बुकिंग झालं, पैसेही कापले गेले. लायसन्सवर सगळं इंग्लिशमध्येच आहे, मग इंटरनॅशनल परमिट वेगळं काढायलाच हवं का?

हवंच. साइटने पैसे घेतले याचा अर्थ त्या तारखेला त्यांच्याकडे गाडी शिल्लक आहे एवढाच, तुम्हाला ती रस्त्यावर चालवता येईल की नाही हे साइट बघत नाही, ते काउंटरवर बघतात आणि जपानमध्ये तर अगदी नीट बघतात, परमिट नसेल तर गाडी देत नाहीत आणि ऐनवेळी कॅन्सल केल्याचे पैसे पण बहुतेक ठिकाणी तुमच्याच खिशातून जातात.

आता हे परमिट म्हणजे काय ते एकदा सांगते कारण निम्म्या पत्रांत इथेच गोंधळ आहे. इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट हे स्वतंत्र लायसन्स नाही, तुमच्या मूळ लायसन्सचं ते ठराविक नमुन्यातलं भाषांतर आहे, त्यामुळे मूळ लायसन्स घरी ठेवून नुसतं परमिट नेलं तर त्याचा काही उपयोग नाही. त्यामागे आंतरराष्ट्रीय करार आहेत, 1926 चा पॅरिसचा, 1949 चा जिनिव्हाचा आणि 1968 चा व्हिएन्नाचा. कुठल्या देशाने कुठला करार मानलाय त्यावर कुठलं परमिट चालणार ते ठरतं. जपान फक्त 1949 वालं मानतो. म्हणून जर्मन लायसन्सवाल्यांची गंमत होते, त्यांचं परमिट 1968 च्या नमुन्यातलं असतं, ते जपानमध्ये चालत नाही आणि त्यांना लायसन्सचं जपानी भाषांतर वेगळं करून घ्यावं लागतं. तुमच्या परमिटच्या कव्हरवर कराराची तारीख छापलेली असते, ती वाचा. 1949 वालं परमिट काढल्याच्या तारखेपासून एक वर्ष चालतं, प्रवासाच्या तारखेपासून नाही, त्यामुळे फार आधी काढून ठेवण्यात शहाणपणा नाही. 1968 वालं जास्तीत जास्त तीन वर्षं, पण मूळ लायसन्स त्याआधी संपत असेल तर तिथपर्यंतच.

प्रत्येक देशाची तऱ्हा वेगळी आहे. ब्रिटनमध्ये पाहुण्याला स्वतःच्या चालू लायसन्सवर 12 महिन्यांपर्यंत साधी कार चालवता येते, परमिटची सक्ती नाही. चीनच्या मुख्य भूमीवर उलटं, तिथे इंटरनॅशनल परमिटला काहीच किंमत नाही, त्यांचं तात्पुरतं लायसन्स घ्यावं लागतं. आणि इटली हा सगळ्यात फसवा प्रकार, युरोपीय संघाबाहेरच्या लायसन्ससोबत परमिट किंवा अधिकृत भाषांतर लागतं असा तिथे नियम आहे पण काउंटरवरचा माणूस पुष्कळदा विचारतच नाही, हसून किल्ली देतो, आणि मग रस्त्यात पोलिसाने थांबवलं की तो मात्र विचारतो. किल्ली देणारा वेगळा आणि दंड करणारा वेगळा, हे डोक्यात पक्कं बसवा म्हणजे पुढची अर्धी उत्तरं तुम्हाला वाचायची गरज नाही.

जाता जाता, लायसन्सचं प्लास्टिकचं कार्ड जवळ हवं. फोनमधलं डिजिटल लायसन्स तुमच्या देशात चालत असेल, परदेशातल्या पोलिसाने ते मानावं अशी अपेक्षा धरू नका.

ऑनलाइन जाहिरात दिसली, "इंटरनॅशनल लायसन्स, तीन वर्षं वैध, टेस्ट नाही, दोन दिवसांत घरपोच". घ्यायचं का?

नाही. परमिट तुमचं लायसन्स ज्या देशाचं आहे तिथल्या सरकारनेच किंवा सरकारने अधिकार दिलेल्या संस्थेनेच द्यायचं असतं. कुठल्यातरी वेबसाइटने छापलेलं रंगीत पुस्तक आणि त्यासोबतचं चकचकीत कार्ड कायद्याच्या दृष्टीने कागदच. जाहिरातीतला "लायसन्स" हा शब्दच बघून सावध व्हायला हवं, खरं परमिट विकणारा स्वतःला लायसन्सवाला म्हणवत नाही. आणि परदेशात पोहोचल्यावर आठवलं तरी तिथे काढता येत नाही हेही लक्षात असू द्या.

इटलीत फिरून आलो त्याला काही महिने झाले. आधी रेंटल कंपनीने कार्डातून थोडे पैसे कापले, आता पत्राने दंडाची नोटीस आलीय. एकाच चुकीचे दोनदा पैसे? आणि आम्हाला तर कुणी अडवलंच नव्हतं!

अडवणारा माणूस नव्हता, कॅमेरा होता. तुम्ही जुन्या शहराच्या मर्यादित वाहतुकीच्या भागात शिरलात, तिकडे त्याला झेडटीएल म्हणतात. फ्लोरेन्स, रोम, पिसा, बोलोन्या सगळीकडे आहेत. परवानगी नसलेल्या गाडीने ठरलेल्या वेळेत तिथे जायचं नाही, एवढा साधा नियम, पण गूगल मॅप दाखवतो म्हणून लोक सरळ आत जातात. गेटवर इलेक्ट्रॉनिक पाटी असते, तिच्यावर "वार्को आत्तिवो" दिसलं की बऱ्याच जणांना वाटतं सुरू आहे म्हणजे जा, प्रत्यक्षात त्याचा अर्थ बंदी सुरू आहे. आत जायचं ते "नॉन आत्तिवो" असताना.

पैसे दोनदा नाही गेले, दोन वेगळ्या गोष्टींचे गेलेत. पोलिसांनी नंबर प्लेटवरून रेंटल कंपनीला विचारलं की त्या दिवशी गाडी कुणाकडे होती, कंपनीने तुमचं नाव-पत्ता कळवला आणि त्या कामाचे पैसे कापले, करारात बारीक अक्षरात ते लिहिलेलं असतं. खरा दंड आता आलाय. परदेशात राहणाऱ्याला नोटीस पाठवायला तिथल्या कायद्यात 360 दिवसांची मुदत आहे, त्यामुळे इतक्या महिन्यांनी आली म्हणून रद्द वगैरे होत नाही. नोटीस हातात पडल्यापासून पाच दिवसांत भरलीत तर साधारणपणे रकमेत 30 टक्के सूट मिळते, एरवी पूर्ण रक्कम भरायला 60 दिवस. त्या भागात दोनदा शिरला असाल तर दुसरी नोटीसही वाटेत असेल, दचकू नका. पुढच्या वेळी हॉटेल अशा भागात असेल तर आधीच त्यांना गाडीचा नंबर कळवा आणि नोंद होईल का ते विचारा, अनेक हॉटेलं पाहुण्यांच्या गाड्यांची करून देतात. मला विचाराल तर गाडी बाहेर पार्क करून चालत जाणंच सोपं, ती शहरं गाडीतून बघायची नाहीतच मुळी.

बुकिंग नवऱ्याच्या नावावर आहे. तो थकला तर मध्ये तासभर मी चालवली तर चालेल ना? लायसन्स आणि परमिट दोन्ही आहे माझ्याकडे.

पोलिसांना चालेल, इन्शुरन्सला नाही. करारात ज्याचं नाव ड्रायव्हर म्हणून नाही त्याने गाडी चालवताना ठोकली तर कंपनी सगळं नुकसान तुमच्याकडून घेऊ शकते, मग चूक कुणाचीही असो. काउंटरवरच तुमचं नाव अ‍ॅडिशनल ड्रायव्हर म्हणून घाला. काही ठिकाणी जोडीदाराचे पैसे घेत नाहीत, तेव्हा विचारा तर खरं. वय 25 च्या खाली असेल तर मात्र बऱ्याच ठिकाणी जास्तीचा आकार पडतो.

काउंटरवर तीन-तीन इन्शुरन्स गळ्यात मारतात. आम्ही तर "फुल इन्शुरन्स" घेतलं होतं तरी काच फुटल्यावर पैसे भरावे लागले. आता आइसलँडला जायचंय, काय घेऊ?

"फुल" हा शब्द विक्रीचा आहे, पॉलिसीचा नाही. दोन गोष्टी वेगळ्या करा. एक, तुमच्यामुळे दुसऱ्याचं जे नुकसान होईल त्याचं, म्हणजे थर्ड पार्टी, हे कायद्याने लागतंच आणि युरोपात ते भाड्यात धरलेलं असतं. अमेरिकेत राज्याराज्यात किमान रक्कम वेगळी आणि ती कमी असते, कॅलिफोर्नियात 1 जानेवारी 2025 पासून वाढवून एका जखमीमागे 30,000 डॉलर केलीय आणि तिथल्या हॉस्पिटलचं बिल ज्याने पाहिलंय त्याला ही रक्कम किती वेळ टिकेल ते सांगायला नको. म्हणून अमेरिकेत जास्तीचं लायबिलिटी कव्हर, म्हणजे हेच थर्ड पार्टीचं, हे मी तरी सोडायला सांगणार नाही. क्रेडिट कार्डाचं कव्हर आहे म्हणून लोक निश्चिंत असतात पण ते सहसा भाड्याच्या गाडीच्या नुकसानीपुरतं असतं, समोरच्या माणसासाठी नसतं.

दोन, भाड्याच्या गाडीचं स्वतःचं नुकसान. त्यासाठी जे सीडीडब्ल्यू (कोलिजन डॅमेज वेव्हर) विकतात ते खरं तर इन्शुरन्सही नाही, कंपनी म्हणते की अमुक रकमेच्या वरचं आम्ही तुमच्याकडून मागणार नाही. ती "अमुक रक्कम", म्हणजे एक्सेस, तुमच्या डोक्यावर राहतेच, सुपर सीडीडब्ल्यूने ती कमी होते किंवा शून्य होते. आणि काच, टायर, गाडीचं पोट, छप्पर, हरवलेली किल्ली, चुकीचं इंधन हे सगळं बहुतेक वेळा बाहेर. तुमची काच तिथेच अडकली.

आइसलँडमध्ये हे बाहेरचंच जास्त महत्त्वाचं. खडीच्या रस्त्यावर दगड उडून काच जाते, त्याला ग्रॅव्हल प्रोटेक्शन घ्या. वाळू आणि राखेच्या वादळाने रंग खरवडून निघतो, त्याचं कव्हर वेगळं, दक्षिण किनाऱ्याला जाणार असाल तर विचार करा. वाऱ्याने दार उलटं फिरून बिजागरी वाकते हा तिथला नेहमीचा अपघात आणि तो सहसा कशातच बसत नाही, उपाय एकच, दार उघडताना हाताने धरून ठेवायचं आणि गाडीचं तोंड वाऱ्याकडे करून उभी करायची. नदीतून गाडी घालून इंजिनात पाणी गेलं तर तेही तुमच्यावरच. नंबराआधी एफ असलेले डोंगरातले रस्ते फक्त फोर व्हील ड्राइव्हला, साधी गाडी तिथे नेणं नियमाविरुद्ध आहे. आणि रस्ता सोडून मोकळ्या माळावर गाडी घालायची तर कुठल्याच गाडीने नाही, तिथे त्याला कायद्याने बंदी आहे, शेवाळ्यावर उमटलेली चाकं वर्षानुवर्षं जात नाहीत.

जर्मनीत गाडी घेऊन स्वित्झर्लंडमध्ये जायचं, सीमेवर कुणी थांबवत नाही असं ऐकलंय.

बरेचदा नाही थांबवत. पण आधी करार बघा, कुठल्या देशांत गाडी न्यायला परवानगी आहे ते त्यात लिहिलेलं असतं, न विचारता नेलीत तर इन्शुरन्स लागू होत नाही. आणि स्विस मोटरवेला विन्येट, म्हणजे रस्ता वापरायचे पैसे भरल्याचा पास, लागतं, 40 फ्रँकचं वर्षाचं एकच मिळतं, दोन दिवसांसाठी जा नाहीतर वर्षभर फिरा. जर्मनीतल्या गाडीवर ते असेलच असं नाही. नसेल आणि सापडलात तर 200 फ्रँक दंड, वर विन्येटचे पैसे. आता नंबर प्लेटवर ऑनलाइनही घेता येतं, फक्त नंबर टाकताना चुकू नका. वाटेत ऑस्ट्रिया लागत असेल तर त्यांचं वेगळं.

जेवताना एक ग्लास वाइन घेतली तर?

देशावर आहे. इंग्लंडमध्ये रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा 0.08 टक्के, सीमा ओलांडून स्कॉटलंडला गेलात की 0.05, स्वीडन-नॉर्वेत 0.02, चेक प्रजासत्ताक आणि हंगेरीत शून्य. जपानमध्ये 0.03 पासून गुन्हा आणि तिथे प्यायलेल्याच्या गाडीत जाणूनबुजून बसणाऱ्यालाही शिक्षा होते. वर हे की ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त सापडलात तर इन्शुरन्स कव्हरही जातं. ग्लास घ्या आणि त्या दिवशी टॅक्सी करा, हिशोब करत बसू नका.

अमेरिकेत लाल सिग्नलला उजवीकडे वळता येतं म्हणे, खरंय का?

बहुतेक ठिकाणी हो, पण पूर्ण थांबून, चालणाऱ्यांना आणि येणाऱ्या गाड्यांना आधी जाऊ देऊन, आणि तशी मनाई करणारी पाटी नसेल तरच. न्यूयॉर्क शहरात उलटं, परवानगीची पाटी असेल तरच वळायचं. ही सवय घेऊन युरोपात जाऊ नका, तिथे लाल म्हणजे थांबाच, जर्मनीत सिग्नलशेजारी हिरव्या बाणाची छोटी पाटी असेल तेवढी सूट. यापेक्षा जास्त लोक फसतात ते स्कूल बसला. पिवळी बस लाल दिवे लुकलुकवत थांबली की मागच्याही आणि समोरून येणाऱ्याही गाड्यांनी थांबायचं असतं, मधे दुभाजक असेल तर समोरच्यांना काय करायचं ते राज्याप्रमाणे बदलतं, माहीत नसेल तर थांबा.

जपानच्याच वाचकाचा पुढचा प्रश्न : पार्किंगमध्ये कुंपणाला जरासं घासलं तर पोलिसांना बोलवायचं की परत करताना सांगून टाकायचं?

बोलवायचं, अगदी जरासं असलं तरी. तिथे अपघात पोलिसांना कळवणं कायद्याने बंधनकारक आहे, आणि पोलिसांत नोंद नसेल तर अपघाताचा दाखला मिळत नाही, दाखला नाही तर इन्शुरन्स नाही. नंबर 110. मग रेंटल कंपनीला फोन, आणि त्या दोघांशी बोलणं होईपर्यंत गाडी रस्ता अडवत नसेल तर जिथे आहे तिथून हलवू नका.