अल्जेरियातलं बेजाया कसं आहे? तिथला भूगोल आणि इतिहास काय?

तुम्ही लिहिलंय की बांधकामाच्या नोकरीसाठी बेजायाला जायचंय. मी २०१२-१३ मध्ये तिथे रस्त्याच्या कामावर सर्व्हेअर होतो, म्हणून लिहितोय.

भूगोल सोपा आहे. पाठीशी ६६० मीटरचा गुराया डोंगर, थेट समुद्रात उतरलेला. त्याच्यावर माकडं. पायथ्याशी बंदर, बाजूला सुमाम नदीचं मुख. सपाट जागा म्हणाल तर तेवढीच, म्हणून गाव उतारावर चढत गेलंय. गुडघे दुखत असतील तर विचार करा. इतिहासात रोमनांचं सालदाए, मग अकराव्या शतकात हम्मादी राजांची राजधानी, १५१० मध्ये स्पॅनिश, १५५५ मध्ये तुर्क, १८३३ मध्ये फ्रेंच. आपले भारतीय अंक इटलीचा गणिती फिबोनाची याच गावात शिकला. त्याचा बाप इथल्या जकातीत पिसाच्या व्यापाऱ्यांचं काम बघायचा.

पण खरी गोष्ट पाण्याची आहे. दुसऱ्या शतकात जवळच्या डोंगराळ भागातल्या तूजाच्या झऱ्यांचं पाणी गावात आणायचं ठरलं. मधल्या डोंगरात चारशे मीटरहून लांब बोगदा. आखणी केली रोमन सैन्यातल्या नोनियस दातुसने, आणि तो आपल्या ठाण्यावर परत गेला. दोन्ही तोंडांनी खोदकाम सुरू झालं आणि दोन्ही टोळ्या आपापल्या उजवीकडे सरकत गेल्या. दोन्हीकडचं खोदकाम मिळून डोंगराच्या रुंदीपेक्षा जास्त झालं, तरी भेट नाही! शेवटी दातुसलाच बोलावलं. वाटेत लुटारूंनी गाठलं, कपडेसुद्धा काढून घेतले, जखमी होऊन पोचला. डोंगरावर त्याची मूळ आखणी बरोबरच होती, खोदणाऱ्यांनी ती सोडली होती. हे सगळं त्याने दगडावर कोरून ठेवलं. वर तीन शब्द: धीर, कर्तृत्व, आशा.

हे मला तिथल्या एका सहकाऱ्याने सांगितलं तेव्हा मी जेवता जेवता थांबलो. कारण १९९८ मध्ये कोकणात एका छोट्या पाण्याच्या बोगद्यावर माझं अगदी हेच झालं होतं. सेंटर लाइन, म्हणजे खोदायची मधली रेषा, मी दिली. पावसाळ्यात मला दुसऱ्या साइटवर पाठवलं, आणि मागे मुकादमाने तीन आठवडे थिओडोलाइट (दिशा तपासायची दुर्बीण) लावलाच नाही. दोन तोंडं सव्वा मीटरने चुकली. मेमो कोणाला? मला. इन्क्रिमेंट थांबलं. आमचे मेहुणे, तेही सिव्हिलचेच, आजही लग्नाकार्यात म्हणतात, "अरे, शेवटी सर्व्हेअरचंच चुकतं." दातुसचं नाव काढलं की विषय बदलतात.

तेव्हा तिथे काम करताना रोजची तपासणी मोजमापांच्या वहीत शाईने लिहा आणि मुकादमाची सही घ्या. तोंडी "हो हो" वर एक फूटही पुढे जाऊ देऊ नका. साइट सोडायची वेळ आली तर आखणी लेखी सोपवून पोच घ्या. दातुसकडे निदान दगड होता.

पगार, घरभाडं मला विचारू नका, माझी माहिती जुनी आहे. फ्रेंच थोडं शिकून जा. घराघरांत काबिली (तिथली बर्बर भाषा) बोलतात, दोन शब्द आले तरी चहा मिळतो. पाऊस हिवाळ्यात, आणि भरपूर. हे आधी लिहायला हवं होतं: बोगद्याचं काम नसेल तर वरच्यातलं निम्मं तुम्हाला लागू नाही.

तूजाजवळ त्या रोमन पाटाचे जुने खांब अजून उभे आहेत. गेलात तर एक फोटो पाठवा. माझे फोटो जुन्या फोनबरोबर गेले, आणि मेमध्ये मेहुण्यांकडे मुंज आहे.