उदमांजर सोडलंत, पण चार दिवस उशिरा

माळ्यावर घुशींसाठी पिंजरा लावलात, बुधवारी सकाळी त्यात उदमांजर सापडलं, सवड नव्हती म्हणून रविवारी डोंगरात नेऊन सोडलंत आणि त्याचा व्हिडिओही टाकलात. आता वनखात्याची नोटीस आली आहे. ‘प्राणी जिवंत सोडला, मग शिकार कशी?’ असं तुम्ही विचारता. मुंगूस, माकड पकडून बसलेल्यांची अशीच पत्रं मला सतत येतात.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 मधल्या शिकारीच्या व्याख्येत सापळा लावणं, आमिष दाखवणं, पकडणं आणि तसा नुसता प्रयत्नही येतो. तरी पिंजरा घुशींसाठीच होता, उदमांजर चुकून अडकलं, हा बचाव मांडता येईल. तो किती टिकेल हे पिंजऱ्याच्या मापावर आणि आमिषावर ठरेल. तुम्ही उदमांजरालाही आवडणारं पिकलेलं केळं लावलं होतंत, तेव्हा यावर वाद होणारच.

घात केला तो त्या चार दिवसांनी. कायदा मोडून पकडलेला किंवा कोंडून ठेवलेला वन्यप्राणी कलम 39 प्रमाणे सरकारी मालमत्ता असतो. तो ज्याच्या ताब्यात येईल त्याने 48 तासांत जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा अधिकृत वनाधिकाऱ्याला कळवायचं असतं. तुमची मुदत शुक्रवारी सकाळी संपली. बुधवारीच एक फोन केला असतात, तर ‘चुकून अडकलं’ या म्हणण्याला तोच पुरावा झाला असता. आता कलम 57 आडवं येतं: प्राणी ताब्यात होता एवढं दिसलं की ताबा बेकायदा धरला जातो आणि तसा नव्हता हे आरोपीने सिद्ध करायचं. सवड नव्हती, हे कारण न्यायालयात सांगूही नका.

नोटिशीत कोणती अनुसूची (कायद्याला जोडलेली संरक्षित प्राण्यांची यादी) लिहिली आहे ते आधी पाहा. 2022 च्या दुरुस्तीने, म्हणजे 1 एप्रिल 2023 पासून, अनुसूच्या बदलल्या. इंटरनेटवर अजून जुन्याच फिरतात. अनुसूची एक असेल तर किमान 3 वर्षं कैद आहे आणि तडजोड होत नाही. इतर बाबतीत दंड भरून तडजोड होऊ शकते, पण तो अधिकाऱ्याचा अधिकार आहे, तुमचा हक्क नव्हे. असे खटले वर्षानुवर्षं रेंगाळतात, म्हणून तडजोडीची शक्यता असेल तर ती आताच तपासा.

वकिलाशिवाय जबाब देऊ नका. सहायक वनसंरक्षक किंवा त्यावरच्या अधिकाऱ्याने तुमच्यासमोर नोंदवलेला पुरावा पुढे खटल्यात वापरता येतो. व्हिडिओ डिलीट करू नका, त्याने आणखी एक गुन्हा ओढवून घ्याल. अरुंद पिंजऱ्यात कोंडल्याबद्दल 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचं कलमही लागू शकतं. पहिल्या गुन्ह्याला त्यात दंड अवघा 10 ते 50 रुपये आहे, आणि मागणी होऊनही इतक्या वर्षांत तो वाढला नाही, याचा मला संताप येतो.

घुशींचा पिंजरा पुन्हा लावणार असाल तर सकाळ-संध्याकाळ पाहा, उन्हात ठेवू नका. दुसरा प्राणी अडकला तर पिंजऱ्यावर कापड टाका, पाणी ठेवा आणि तासाभरात वनखात्याला कळवा. सोडायला स्वतः नेऊ नका. अनोळखी जागी त्याला ना आसरा माहीत असतो ना पाणी.

आणि आज माळा तपासा. मादी असेल तर पिल्लं मागे राहिली असतील. दिसली तर हात लावू नका, लगेच कळवा आणि कळवल्याची लेखी पोच घ्या.