एडिनबराच्या ओल्ड कॅल्टन दफनभूमीतला उंच दगडी स्तंभ कोणाचा आहे?

एडिनबराच्या वेव्हर्ली रेल्वे स्टेशनाजवळून दिसणारा तो टोकदार, काळवंडलेला, सुमारे ९० फूट उंचीचा स्तंभ म्हणजे 'पोलिटिकल मार्टर्स मॉन्युमेंट', अर्थात राजकीय हुतात्म्यांचे स्मारक होय. तो दफनभूमीत असला, तरी ज्यांची नावे त्यावर कोरली आहेत त्या पाचांपैकी एकालाही तेथे मूठमाती मिळालेली नाही.

टॉमस म्युर, टॉमस फिश पामर, विल्यम स्कर्व्हिंग, मॉरिस मार्गारॉट आणि जोसेफ जेराल्ड ही ती नावे. ब्रिटिश संसदेत सामान्य माणसाचे प्रतिनिधी असावेत, या मागणीसाठी सभा भरवणे आणि पत्रके वाटणे एवढ्यावरून १७९३-९४ मध्ये त्यांच्यावर राजद्रोहाचे खटले झाले. म्युर हा २८ वर्षांचा वकील. टॉमस पेन यांचे 'राइट्स ऑफ मॅन' (मानवाचे हक्क) हे पुस्तक लोकांना वाचायला दिले, हाही त्याच्यावरील आरोपांचा भाग होता. प्रतिनिधित्वाचा हक्क फक्त जमीनदारांना आहे, असे न्यायाधीश लॉर्ड ब्रॅक्सफिल्ड यांनी न्यायासनावरूनच सांगितले, तेव्हा निकाल काय लागणार हे उघडच होते. पामर यांना सात वर्षांची व इतर चौघांना प्रत्येकी चौदा वर्षांची हद्दपारी झाली, तीही थेट ऑस्ट्रेलियात, म्हणजे तेथले काळे पाणीच म्हणा ना! स्कर्व्हिंग आणि जेराल्ड १७९६ च्या मार्च महिन्यात सिडनीत वारले. म्युर अमेरिकन जहाजातून निसटला आणि १७९९ मध्ये फ्रान्समध्ये मरण पावला. पामर परतीच्या वाटेवर पॅसिफिक महासागरातील ग्वाम बेटावर १८०२ मध्ये वारले. मायदेशी परतला तो एकटा मार्गारॉट.

स्मारकाची पायाभरणी २१ ऑगस्ट १८४४ रोजी खासदार जोसेफ ह्यूम यांच्या हस्ते झाली. मराठी वाचकाने येथे क्षणभर थांबावे: १८८५ मध्ये मुंबईत भरलेल्या काँग्रेसच्या पहिल्या अधिवेशनामागचे ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम हे यांचेच चिरंजीव.

मला या स्तंभाची रचना फारशी आकर्षक वाटत नाही. त्यावर ना पुतळा, ना नक्षी. मात्र जवळ जाऊन त्यावरचा मजकूर जरूर वाचावा. आपण स्वतःला लोकांच्या कार्याला वाहून घेतले आहे आणि ते कार्य अखेर विजयी होईल, हे म्युरने आरोपीच्या पिंजऱ्यातून काढलेले उद्गार ३० ऑगस्ट १७९३ या तारखेसह दगडात कोरलेले आहेत. शिक्षा सुनावणाऱ्या ब्रॅक्सफिल्ड यांचे एकही वाक्य तेथे नाही.